गुलमर्गला हिवाळ्यात बिऱ्हाड: दोघांनी जायचं तर

गुलमर्गला पाच दिवसांसाठी स्कीइंगला जाऊन आलेल्या पुष्कळांनी अफरवटचा, म्हणजे गुलमर्गच्या डोक्यावरच्या डोंगराचा, वरचा उतार फक्त खालून पाहिलेला असतो. यात त्यांची काही चूक नसते. पश्चिमी चक्रावात आला की दोन-तीन दिवस बर्फ पडत राहतो आणि तेवढे दिवस गोंडोलाचा (वर नेणाऱ्या रोपवेचा) दुसरा टप्पा बंद. बर्फ थांबला तरी स्की पेट्रोलची (उतारांच्या सुरक्षेचं पथक) माणसं आधी उतार तपासतात, गरज पडली तर स्फोटकं लावून साठलेला बर्फ पाडतात आणि मगच तो टप्पा उघडतात. वर वारा सुटला की उघडलेला टप्पाही दुपारी पुन्हा बंद होतो. म्हणून आमचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आधीच सांगतो: जायचं तर किमान तीन आठवडे जा, आणि हॉटेलात उतरायला नव्हे, बिऱ्हाड करायला जा. निम्मे दिवस वाट पाहण्यात जाणार हे धरूनच सगळी आखणी करा. आम्ही दोघं जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत राहिलो. पुढचं सगळं त्या मुक्कामाच्या हिशेबाने लिहिलं आहे.

काश्मिरी हिवाळ्याचं स्वतःचं पंचांग आहे. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे १० दिवस चिल्लई बच्चा. कोरडा, भुसभुशीत बर्फ (पावडर) हवा असेल तर चिल्लई कलानच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ धरा. मार्चमध्ये ऊन चढलं की बर्फ ओला आणि जड होतो. शिकणाऱ्याला तो चालतो, पावडरसाठी आलेल्याचा मात्र हिरमोड होतो. कुठल्याच वर्षाची खात्री देता येत नाही. २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. तेव्हा विमानाची तिकिटं तारीख बदलता येईल अशीच काढा.

राहायचं कुठे? गुलमर्ग म्हणजे सुमारे २,६५० मीटरवरचं वाडग्यासारखं कुरण. कडेने हॉटेलं आणि लष्कराचे तळ. वस्तीचं गाव असं नाहीच. तिथे काम करणारे बहुतेक लोक रोज खालून येतात. खाली १३ किलोमीटरवर टंगमर्ग आहे, सुमारे ५०० मीटर कमी उंचीवर. तिथे बाजार आहे, दवाखाना आहे, भाड्याने खोली मिळते, आणि महिन्याच्या मुक्कामाला खर्च गुलमर्गच्या मानाने फारच कमी येतो. तोटा एकच, पण मोठा: रात्री जोरात बर्फ पडला की सकाळी रस्ता साफ होईपर्यंत गाड्या सुटत नाहीत, आणि नेमका तोच दिवस ताज्या बर्फाचा असतो. आमच्या मते मुक्काम टंगमर्गला ठेवावा आणि हवामानाचा अंदाज पाहून, बर्फ थांबणार असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी एखादी पिशवी घेऊन वर एका रात्रीसाठी राहावं. हा दुहेरी खर्च जमेला धरूनही हिशेब स्वस्तच पडतो.

टंगमर्गहून वर रोज शेअर सुमो जातात. ताज्या बर्फात साखळी बांधलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्यांनाच वर सोडतात, म्हणून महाराष्ट्रातून स्वतःची गाडी नेण्याचा विचार सोडून द्या. स्थानिक गाडी ठरवली तरी साखळी चालकाने कुठे बांधली आहे ते बघा: ती इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्याच चाकांना हवी, आणि अर्धा किलोमीटर गेल्यावर थांबून एकदा पुन्हा ताणायला हवी. सैल राहिलेली साखळी चाकाच्या आतल्या बाजूला गुंडाळली जाते आणि ब्रेकची नळी तोडते.

श्रीनगरपर्यंत विमानाने येणार असाल तर भल्या पहाटेचं विमान टाळा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं उशिरा विरतं आणि पहिली उड्डाणं रखडतात. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. रामबन-बनिहाल पट्ट्यात दरडी येऊन महामार्ग अडला की हा पर्याय फार उपयोगी पडतो. श्रीनगरहून नारबल, मागाम या वाटेने टंगमर्ग.

आता घर. पहिल्या दिवशी मालकाकडून बुखारी पेटवायला नीट शिकून घ्या, त्यात संकोच करू नका. बुखारी म्हणजे पत्र्याची उभी शेगडी, तिचं धुराडं भिंतीतून किंवा छतातून बाहेर काढलेलं. तळाशी दोन बोटं राख राहू द्या, पूर्ण साफ करू नका. राखेत निखारा टिकतो. त्यावर बोटाएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढी दोन लाकडं, आणि धुराड्याची झडप पूर्ण उघडी. धूर खोलीत परत येत असेल तर धुराडं थंड आहे किंवा वरचं तोंड बर्फाने बुजलं आहे. थंड असेल तर कागदाचा बोळा पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरा, आतली हवा तापली की ओढ सुरू होते. मोठ्या हिमवृष्टीनंतर बाहेर जाऊन तोंड मोकळं आहे ना ते आधी बघायचं आणि मगच पेटवायचं. पत्रा हात लावता येणार नाही इतका तापला की झडप अर्धी करा. तशीच उघडी ठेवली तर दिवसाचं सरपण दोन तासांत जातं. लाकूड ओलं असेल तर धुराड्यात डांबरासारखा थर साठतो आणि तोच पुढे पेट घेतो. आठवड्याला एकदा, बुखारी पूर्ण थंड असताना, नळकांडी सुटी करून बाहेर झटकायची.

आणि हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच: बुखारी, कांगडी (निखाऱ्यांची हातात धरायची टोपली) किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून, सगळं बंद करून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होणं, मळमळणं ही त्याची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात, त्यामुळे माणूस फसतो आणि पांघरूण घेऊन आडवा होतो. खिडकी दोन बोटं उघडी हवी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरूनच घेऊन जा, आणि निजायच्या आधी निखारे विझवून रात्र विजेच्या ब्लँकेटवर काढा. वीज जाते तेव्हा गरम पाण्याच्या रबरी पिशव्या कामाला येतात.

पाण्याचा नळ रात्री पूर्ण बंद करायचा नाही, पेन्सिलीएवढी धार चालू ठेवायची. वाहतं पाणी सहजी गोठत नाही. तरी गोठलंच तर नळ उघडा ठेवून, नळाकडून मागे मागे येत गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पाइप शेकायचा. थेट ज्योत लावली की पाइप फुटतो. शिवाय दोन बादल्या आणि एक पिंप रोज रात्री घरात भरून ठेवावं. गॅसचं सिलिंडर थंडीत मंद पडतं, कारण आतला ब्यूटेन शून्याच्या आसपास वायूच होत नाही. ते घरात, उबेला ठेवा. फार तर कोमट पाण्याच्या परातीत. शेगडीजवळ सरकवू नका.

स्वयंपाकात उंची जाणवते. टंगमर्गला पाणी सुमारे ९३ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजत नाही. कुकर बरोबर न्या, जादा रिंग न्या, डाळ तासभर भिजवा आणि घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या. इडलीचं पीठ आंबत नाही, तो नाद सोडा. दही मात्र लागतं, भांडं घोंगडीत गुंडाळून बुखारीपासून हातभर लांब ठेवलं तर. भाकरीचं पीठ, गोडा मसाला, मेतकूट आणि कोकम घरून. तांदूळ, राजमा, मोहरीचं तेल, हाक (तिथली पालेभाजी) आणि अक्रोड तिथलेच. रस्ते बंद असले की ताजी भाजी येत नाही, तेव्हा काश्मिरी घरांतल्यासारखी वाळवलेली वांगी, दुधी, टोमॅटो घेऊन ठेवावेत. तासभर गरम पाण्यात भिजवून आपल्या मसाल्यात चांगले लागतात. सकाळी कांदुरकडची (तिथला रोटी भाजणारा) गरम गिरदा रोटी लोण्याबरोबर खाल्ली की दुपारपर्यंत टिकते. वर डोंगरावर लोक सांगतील तेवढा नून चहा (खारा काश्मिरी चहा) प्या. घामातून गेलेलं मीठही भरून निघतं.

साहित्य भाड्याने मिळतं, पण बूट जमले तर स्वतःचे न्या. बाकी सगळं चालवून घेता येतं, न बसणारा बूट नाही. भाड्याने घेताना असं तपासा: आतला मऊ लाइनर काढा, नुसत्या टणक कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. दीड ते दोन सेंटिमीटर हवी. दोन मोजे घालून मोठा बूट भरून काढायचा हा सगळीकडे होणारा घोटाळा आहे. पाय आत हलतो, नडगी सोलते आणि घामाने बोटं जास्तच गारठतात. एकच मोजा, गुडघ्यापर्यंतचा, आणि थर्मलची पँट बुटाच्या वर. बकल आधी घोट्याजवळचं लावा, टाच मागे आपटून, मग वरची, बोटांकडची सगळ्यात शेवटी आणि सैलच.

बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी कळ) किती घट्ट ठेवायचं हे वजन, उंची, कौशल्य आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून ठरतं, म्हणून दुकानदाराला वजन खरं सांगा. सैल ठेवलं तर स्की मधेच सुटते, घट्ट ठेवलं तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. बूट घालून पाय ठेवण्याआधी तळव्याचा बर्फ काठीने खरवडून काढा. "बाइंडिंग बिघडलंय" या तक्रारीमागे पुष्कळदा तळव्याला घट्ट बसलेला बर्फाचा थरच निघतो. रात्री लाइनर काढून खोलीत वाळवायचा, बुखारीला टेकवून नाही. त्याने तो वेडावाकडा होतो आणि मग बसतच नाही.

गोंडोलाचा पहिला टप्पा (१९९८) कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटर. दुसरा (२००५) अफरवटच्या खांद्यापर्यंत, ३,९५० मीटरच्या आसपास. म्हणजे थोड्याच वेळात तुम्ही हजार-तेराशे मीटर वर जाता. पहिले दोन दिवस दुसऱ्या टप्प्याला हात लावू नका. डोकेदुखी वाढत असेल, चालताना तोल जात असेल तर गोळी घेऊन थांबायचं नाही, खाली उतरायचं.

दोघांपैकी एकालाच स्की येत असेल तर एक गोष्ट मनावर घ्या: जोडीदाराला स्वतः शिकवू नका. गुलमर्गलाच केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, तिथे सुमारे दोन आठवड्यांचे वर्ग भरतात. अर्ज हिवाळ्याच्या आधीच करायला लागतो. नाहीतर नोंदणीकृत प्रशिक्षक घ्या. सकाळी एक जण वर्गात, एक जण वर, आणि दुपारी कोंगडोरीला भेट, अशी वाटणी चांगली चालते.

दोघांनाही येत असेल तर हिमस्खलनाचा भाग जपून वाचा. स्की पेट्रोल ज्याची काळजी घेतं तो गोंडोलाखालचा उतार; कड्याच्या डावी-उजवीकडच्या दऱ्या सगळ्या स्वतःच्या जबाबदारीवर. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला हिमस्खलनात प्रशिक्षणातले १७ जवान मरण पावले, १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडच्या बाजूला दोन पोलिश स्कीअर. लांब कोरड्या काळात तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा होतो आणि त्यावर नवा जड थर बसला की घसरतो, म्हणून कोरड्या जानेवारीनंतरची पहिली मोठी हिमवृष्टी सगळ्यात फसवी. गाडला गेलेला माणूस वाचतो तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. तेवढ्यात बाहेरची मदत पोचत नाही, म्हणजे तुमचं बचाव पथक तुमचा जोडीदार आणि बरोबरचा गाइड एवढंच. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग काढणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. एकाकडे असून उपयोग नाही, कारण तो एक नेमका बर्फाखाली असू शकतो. रोज सकाळी गोंडोलाच्या रांगेआधी एकाने ट्रान्सीव्हर शोधावर ठेवायचा, दुसऱ्याने प्रक्षेपणावर ठेवून चालत जायचं, मग उलट. बॅटऱ्या उत्पादकाने सांगितलेल्याच घाला, बहुतेक यंत्रांत साध्या अल्कलाइन. शोध चालू असताना मोबाइल यंत्रापासून निदान ५० सेंटिमीटर लांब हवा, एरवी २०. खणायचं प्रोबच्या अगदी वर नाही, उताराच्या खालच्या अंगाने, खोलीच्या दीडपट अंतरावरून. उतार एकेकाने उतरायचा, दुसऱ्याने सुरक्षित जागी थांबून नजर न हलवता बघायचं. दोघांपैकी कुणीही नको म्हटलं तर तो उतार त्या दिवशी नाही. कारण विचारत बसायचं नाही.

प्रीपेड सिम बाहेरच्या राज्याचं असेल तर जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. अमेरिका-युरोपातून येणाऱ्या मराठी मंडळींनी उपग्रह संदेशयंत्र घरी ठेवावं. परवान्याशिवाय ते भारतात बेकायदा आहे आणि विमानतळावर अटक झालेली आहे. ड्रोनही नको, नियंत्रण रेषा जवळ आहे. विमा काढताना साहसी खेळ वगळलेत का ते कलमागणिक वाचा. गुडघ्याची दुखापत झाली तर टंगमर्गला प्राथमिक उपचार होतील, पुढे श्रीनगरला बरजुल्ल्याचं हाडांचं सरकारी रुग्णालय आहे.

परतीच्या विमानाआधी दोन रात्री श्रीनगरला मोकळ्या ठेवा, टंगमर्गचा रस्ता ऐन दिवशी बंद होऊ शकतो. खोली सोडताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडे टाका आणि पाइपातलं पाणी पूर्ण निथळू द्या, म्हणजे मालकाचे पाइप फुटणार नाहीत. उरलेलं सरपण शेजारी द्या.