मावशीची गोळी आणि चिमीची पिशवी

मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतराने घरात दोन सोनोग्राफ्या झाल्या, एक आमच्या कुत्रीची, एक मावशीची, आणि दोन्हीकडे डॉक्टर बघत होते गर्भपिशवीच. तेव्हापासून लिहायचं मनात होतं पण धीर होत नव्हता. परवा मावशीच म्हणाली लिही की, त्यात काय लाजायचं, म्हणून लिहितेय.

आधी चिमीचं सांगते. सात वर्षांची लॅब्राडोर, पिल्लं न होण्याचं, पिशवी काढायचं ऑपरेशन करू करू म्हणत आम्ही केलंच नाही, सोसायटीत ज्याला त्याला वाटायचं की एक तरी बाळंतपण होऊ दे बिचारीचं. हिट, म्हणजे माजावर येणं, संपून दीडेक महिना झाला होता आणि ती अचानक पाणी प्यायला लागली, म्हणजे भांडं भरलं की रिकामं, भरलं की रिकामं, जेवण बंद, दोनदा उलटी. मला वाटलं पोट बिघडलं, दहीभात दिला, एक अख्खा दिवस घालवला त्यात. खालून स्राव वगैरे काहीच नव्हतं. व्हेट मॅडमनी पोटाला हात लावला, शेवटची हिट कधी एवढंच विचारलं आणि सरळ सोनोग्राफीला पाठवलं. पायोमेट्रा, पिशवीत पू, आणि तोंड बंद असलेला, म्हणून बाहेर काही दिसत नव्हतं. त्याच रात्री ऑपरेशन. काढलेली पिशवी त्यांनी ट्रेमध्ये दाखवली, दोन लांबडे फुगे भरल्यासारखी, मी बघितलं आणि बाहेर जाऊन बसले.

नंतर मॅडमनी नीट समजावलं ते डोक्यात बसलंय. कुत्रीचं असं असतं की हिट झाली की पिल्लं राहोत किंवा न राहोत, प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हॉर्मोन, दोनेक महिने चढंच राहतं. पिशवीला वाटतं पिल्लं येणार, मग अस्तर जाड होतं, स्राव साठतो, तोंड बंद, आकुंचन पावणं थंड, आणि आत ई कोलाय नावाचा जंतू शिरलेला असला तर त्याला आयतं घर. पाणी एवढं का पीत होती तर त्या जंतूंच्या विषामुळे किडनीला लघवी घट्ट करता येत नाही. दर हिटला हेच परत परत, वय वाढेल तसा धोका वाढतो.

त्याच ऑपरेशनमध्ये शेवटच्या जोडीतल्या एका सडाशी वाटाण्याएवढी गाठ सापडली, तीही काढली. बायॉप्सी चांगली आली, पण रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी गूगलवर होते आणि ते कुणी करू नये. ऑपरेशन न झालेल्या कुत्र्यांमध्ये स्तनाच्या गाठी हाच सगळ्यात जास्त दिसणारा ट्यूमर, ढोबळमानाने निम्म्या कॅन्सरच्या निघतात, मांजरीत तर बहुतेक सगळ्याच. १९६९ सालचा एक अमेरिकन अभ्यास सगळीकडे सांगतात, पहिल्या हिटच्या आधी ऑपरेशन केलं तर धोका ०.५ टक्के, एका हिटनंतर केलं तर ८, दोन हिटनंतर २६, म्हणजे ऑपरेशन न केलेलीच्या तुलनेत. हे वाचून मी रडले. मग कळलं की २०१२ मध्ये हे सगळे अभ्यास परत तपासले गेले आणि पुरावा तसा कच्चाच आहे असं निघालं. त्यामुळे गाठीसाठी मी स्वतःला माफ केलंय, पिशवीसाठी नाही.

आता मावशी. कोल्हापूरकडची, दारात तीन म्हशी, वय पंचावन्न. सात वर्षांपूर्वी डाव्या बाजूला गाठ, ऑपरेशन, केमो, शेक म्हणजे रेडिएशन, सगळं झालं आणि तेव्हापासून कॅन्सर परत येऊ नये म्हणून रोज रात्री टॅमॉक्सिफेनची गोळी. चिमी कशी आहे विचारायला तिचा फोन आला, मी सगळं सांगत होते, कुत्रीला खालून काही जायला लागलं तर लगेच दाखवायचं असतं म्हणे आणि हिचं तर तेही दिसलं नाही, असं बोलत होते तर पलीकडे एकदम शांत.

"मला बी जरा लाल दिसतंय गं. तीन म्हैनं झालं."

पाळी जाऊन तीन वर्षं झालेली बाई. ही तीच बाई आहे जी म्हशीची वार पडली नाही तर रात्री दोन वाजता डॉक्टरला उठवते, कारण वार आत राहिली तर पिशवी सडते, दूध आटतं, हे तिला पाठ आहे. स्वतःचं मात्र तीन महिने जुन्या लुगड्याच्या घड्यांमध्ये लपवलं. का तर म्हणे उष्णता असेल.

मी तिला ओरडले पण तिचाही पूर्ण दोष नाही. गोळी लिहून देताना कुणीतरी तिला एक वाक्य सांगितलं असणार, ब्लीडिंग झालं तर कळवा, सात वर्षांपूर्वी, केमोच्या धसक्यात. छातीच्या गोळीचा आणि पिशवीचा काय संबंध हे सांगायला कुणाला वेळ झाला नाही आणि जे समजलेलंच नसतं ते लक्षात कसं राहणार?

तर संबंध असा. टॅमॉक्सिफेन म्हणजे माहेरी एक आणि सासरी एक असणारी बाई. स्तनात ती इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनच्या जागेवर जाऊन बसते आणि त्याला काम करू देत नाही. पिशवीत तीच बाई इस्ट्रोजेनसारखं वागते, अस्तर वाढवते. रिसेप्टर, म्हणजे पेशीतली ती बसायची जागा, तोच, पण त्याला मदत करणारी पेशीतली बाकीची प्रथिनं दोन्हीकडे वेगळी, म्हणून वागणं वेगळं. १९८८ मध्ये अमेरिकेत क्रेग जॉर्डन यांच्या गटाने एकाच उंदराच्या अंगात माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरचा तुकडा आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा तुकडा असे दोन्ही लावले आणि टॅमॉक्सिफेन दिलं. एक थांबला, दुसरा वाढला. एकाच उंदरात! गंमत म्हणजे हे औषध १९६२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बनवलं गेलं तेव्हा गर्भनिरोधक शोधत होते, उंदरांत जमलं, बायकांमध्ये उलट बीज सुटायला मदत व्हायला लागली. आणि कुत्रीत तर हे औषध इस्ट्रोजेनसारखंच जास्त वागतं, योनीला सूज, स्राव, पायोमेट्रासुद्धा, त्यामुळे व्हेट लोक त्याच्या फारसं वाटेला जात नाहीत.

म्हणून गोळी वाईट का? अजिबात नाही, आणि हे वाचून कुणी आपल्या मनाने बंद केली तर मला खूप वाईट वाटेल. २०१२ मध्ये आलेल्या अ‍ॅटलास ट्रायलमध्ये पाच वर्षं आणि दहा वर्षं घेणाऱ्या बायकांची तुलना केली होती. पाचव्या ते चौदाव्या वर्षात स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ वर आले, आणि गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण १.६ वरून ३.१ टक्क्यांवर गेलं. दुसरा आकडा घाबरवतो, पण त्यातल्या बहुतेक बायका लवकर दाखवलं तर बऱ्या होतात, कारण हा कॅन्सर आधी रक्ताच्या रूपाने सांगतो. मावशीसारखं लपवलं की मग सांगून काय उपयोग.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी काढली. सोनोग्राफीत अस्तर जाड, मग दुर्बिणीने आत बघून काढलं, पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला कोंब, निघाला. बायॉप्सी साधी. या गोळीने पॉलिप होतात बऱ्याच जणींना. गोळी चालू ठेवायची का बदलायची हे तिचे कॅन्सरचे डॉक्टर ठरवताहेत, हाडांची तपासणी करून, कारण बदलीच्या गोळीने हाडं विरळ होऊ शकतात.

हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसून मी तिला बीटसनची गोष्ट सांगितली. ग्लासगोचा जॉर्ज बीटसन, सर्जन. हॉर्मोन हा शब्दच १९०५ मध्ये आला आणि यांनी १८९५ मध्ये पसरलेला कॅन्सर असलेल्या ३३ वर्षांच्या एका बाईची अंडाशयं काढली, काही महिन्यांत गाठी विरल्या, पुढे ती चारेक वर्षं जगली. त्यांना हे सुचलं कुठून तर दुधावरून. तरुणपणी त्यांनी दूध कसं येतं यावरच प्रबंध लिहिला होता आणि काही देशांत शेतकरी गाय व्यायल्यावर तिची अंडाशयं काढतात म्हणजे ती दूध देतच राहते, असं त्यांच्या कानावर आलं होतं. अंडाशयाचा आणि कासेचा काहीतरी संबंध आहे हे तिथून. मावशीच्या रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे गाठीत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर आहे, असं लिहिलंय ना, त्या रिसेप्टरला ओळखून चिकटणाऱ्या सुरुवातीच्या अँटिबॉडीसुद्धा शिकागोमध्ये १९७७ च्या सुमारास वासरांच्या गर्भाशयातून रिसेप्टर काढून बनवल्या होत्या, आणि त्या माणसाच्या स्तनातल्या रिसेप्टरलाही चिकटल्या.

मावशी डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "आणि अंडाशय काढल्यावर ती गाय परत गाभण कशी जायची? एका वेताच्या दुधावर भागतंय व्हय त्यांचं?"