संकष्टीची सुकती आणि सिंधुदुर्ग

कोथरूड, मंगळवार, रात्री साडेदहा

हात दुखत नाहीयेत. दुखतेय ती बरगड्यांच्या खालची बाजू, दोन्हीकडून सारखी, आणि त्याचा मला आज ऑफिसात दिवसभर आनंद होत होता. मालवणला समुद्रात कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेऊन जाणाऱ्या दादांनी शनिवारी संध्याकाळीच बजावलं होतं, "हातान ओढू नका ताई, कमरेन ओढा." वल्हं पायांजवळ पाण्यात घालायचं, पोटापासून अंग फिरवायचं आणि कमरेशी आलं की बाहेर काढायचं. दंड भरून आले तर पद्धत चुकली असं समजायचं. माझे दंड आज ठणठणीत आहेत.

रविवारी आम्ही दोघी एकाच कयाकमध्ये होतो. वहिनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, मागे आणि मी पुढे. पुढच्याने लय धरायची, मागच्याने ती सांभाळत दिशा बघायची. इतक्या वर्षांत एका स्वयंपाकघरात आम्ही असंख्य कामं बरोबरीने केली, पण तीन तास एकमेकींकडे न बघता, एकाच तालात, असं कधी काही केलं नव्हतं.

रविवारी संकष्टी होती. बुकिंग करताना मी फोनवर तारीख सांगितली तेव्हा दादा लगेच म्हणाले, "चतुर्थी ना? मग तीनच्या सुमारास भरती, सकाळी पावणेनऊला सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. मोबाइलवर काही बघायला ते थांबले नव्हते. हिशेब कोकणातल्या प्रत्येक दर्यावर्दी घरात असतो तोच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर मागे सरकते, म्हणून हे जमतं. वहिनी जन्मभर संकष्टी करतात. त्या दिवसाचा समुद्राशी असा संबंध आहे हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं आणि त्या खूप वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसल्या.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ऊन चढलं, जमीन तापली की तो फिरतो आणि दुपारी समुद्रावरून येऊ लागतो, पाणी खवळतं. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, तेच हे. म्हणून पावणेसातला पाण्यात आणि अकराच्या आत परत, हा दादांचा नियम. उशीर झाला तर ते निघतच नाहीत. मला हे फार आवडलं.

दांडीच्या किनाऱ्यावरून निघालो. जवळच मोरयाचा धोंडा आहे. खडकावर कोरलेला गणपती, चंद्र, सूर्य, शिवलिंग. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग किल्ल्याचं भूमिपूजन केलं ते इथे. वहिनींनी लाइफ जॅकेटसकट हात जोडले. मग खुणांची उजळणी झाली: दादांनी वल्हं उभं धरलं की त्यांच्याकडे यायचं, आडवं धरलं की जिथे आहात तिथे थांबायचं. कयाक उलटली तर काय करायचं याचा सराव आदल्या संध्याकाळी कमरेइतक्या पाण्यात झाला होता. कयाक सोडायची नाही, वल्हं सोडायचं नाही, पाय मारत पोटावर चढायचं आणि मगच वळून बसायचं. वहिनी दुसऱ्या प्रयत्नात चढल्या.

कयाकमध्ये बसलं की डोळे पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटर वर असतात. त्या उंचीवरून क्षितिज तीन किलोमीटरवर संपतं. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलेला अथांग समुद्र इथे नसतो, इथे असते पुढची लाट आणि तिच्या मागची. सिंधुदुर्गाचा तट तीसेक फूट उंच आहे. त्यावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला अकरा किलोमीटरपर्यंतचं पाणी दिसत असणार. 

किल्ला मी पूर्वी पाहिलाय. लाँचने जायचं, दरवाज्यातून आत शिरायचं, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, शिवराजेश्वराचं मंदिर, की परत लाँच. तो आतून पाहिलेला किल्ला. परवा मी तो शत्रूच्या बाजूने पाहिला.

पाणी उतरत होतं तसे खडक वर येत होते. काही नुसते काळे ठिपके, काही पाण्याखालीच राहिलेले. त्या न दिसणाऱ्या खडकांची भीती खरी. पाणी सपाट दिसतं, चार-पाच लाटा काही न होता निघून जातात आणि एक मोठी येते ती तिथेच फुटते, पांढरीफेक. दादांनी वल्हं आडवं धरलं. आम्ही थांबलो. ते बोलले नाहीत, फक्त बघत राहिले. मोठ्या लाटांची एक रांग गेली, मग दुसरी, आणि मधल्या शांत वेळात त्यांनी वल्हं उभं केलं. आम्ही त्यांच्या मागोमाग दोन खडकांमधून पार झालो. त्यांची वाट सोडून हातभर बाजूला जायचीही मला इच्छा झाली नाही.

पश्चिमेच्या तटापासून बरंच अंतर ठेवूनही पाण्याचा स्वभाव बदललेला कळत होता. लाट तटावर आपटते आणि परत फिरते. जाणारी आणि परतणारी एकमेकींना भिडतात आणि पाणी जागच्या जागी उसळत राहतं. कयाक पुढून उचलली जाते, त्याच वेळी बाजूने ढकलली जाते. इथे होडी लावायची, शिडी टाकायची, वर चढायचं? मला तर वल्हं सरळ धरणं अवघड जात होतं. आणि दरवाजा कुठेच दिसत नाही. समुद्रावरून सलग तट दिसतो, बुरुजामागून बुरुज. दरवाजा बुरुजांच्या वळणाआड लपवलेला.

आडोशाला एका खडकाजवळ विसावलो. पाणी नुकतंच उतरलेलं. खडकावर कालवांचा थर, कडा पात्यासारख्या. एक कालव अजून पूर्ण मिटलं नव्हतं, फटीतून पाण्याचा थेंब आत-बाहेर होत होता. शेजारून एक चिमुकला खेकडा तिरका पळाला. हात लावू नका, दादा म्हणाले, कापेल. आणि हे अभयारण्य आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं, त्यात प्रवाळही आहे. एक लोखंडी नांगर त्या प्रवाळावर पडला की वर्षानुवर्षांची वाढ मोडते. पर्यटकांच्या बोटींसाठी नांगर न टाकता दोर बांधायचे कायमचे तरंगते खुंट हवेत, असं मला मनापासून वाटतं.

तिथे बसून मी पुण्याचा विचार करत होते. महाराजांचं लहानपण इथलं, लाल महालातलं, मावळातल्या डोंगरांमधलं. इथे समुद्र नाही. आपल्या मुठेचं पाणीसुद्धा, अरबी समुद्र पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर असताना, पाठ फिरवून पूर्वेला जातं: मुळा, भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर. अशा देशावरच्या माणसाने कुरटे बेट पाहून इथेच किल्ला उभा करायचं ठरवलं. कुठला खडक सुकतीला उघडा पडतो, कुठली वाट मोठ्या होडीला बंद आहे, हे डोंगरात वाढलेल्या डोळ्यांना एकदम कसं दिसावं? ते इथल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, गाबितांना दिसत होतं. महाराजांनी त्यांना विचारलं असणार आणि त्यांचं ऐकलं असणार. बांधकामाचा खर्च, पायाभरणीत ओतलेलं शिसं, तटाची लांबी हे सगळं पुस्तकांत येतं. पण त्याच्या आधी कुणीतरी पुढे होडीत बसून, बोट दाखवून, "हयसून नको, थयसून" असं सांगितलं असेल, आणि मागच्या होडीत राजा असेल. परवा दादांच्या मागे वल्हवताना मला हे इतकं स्पष्ट दिसलं की अंगावर काटा आला.

परतताना वारा फिरायला लागला होता. दहा वाजून गेले होते. शेवटचं अंतर जोर लावून वल्हवलं. मी दमून लय सोडली तर वहिनी मागून फक्त "हं" म्हणायच्या. किनाऱ्यावर दादांच्या घरून साबुदाण्याची खिचडी आली होती, खोबरं आणि कोथिंबीर घातलेली, गरम. मीही उपासाचंच खाल्लं. वहिनींसमोर त्या दिवशी सुरमई खावीशी वाटेना.

आज सकाळी संगम पुलावरून जाताना खाली सीओईपीच्या बोट क्लबची मुलं पाण्यावर दिसली. १९२८ पासूनचा तो क्लब. मुळेच्या पाण्याची अवस्था काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तरी मुलं नेमाने वल्हवतात. रोज जाते त्या रस्त्याने, पण त्यांच्या खांद्यांकडे आज नीट बघितलं. कमरेतून फिरत होते.

पुढच्या वेळी निवतीच्या बाजूला जायचं आहे. दादा म्हणाले, तिकडे लांब पल्ला आहे, उधाण नको, अष्टमी गाठा. त्या दिवसांत भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. रात्री जेवणं झाल्यावर वहिनींनी नवीन कालनिर्णय काढून जानेवारीतल्या दोन्ही अष्टम्यांना पेन्सिलीने खुणा केल्या. एक प्रजासत्ताक दिनाच्या गर्दीत सापडते, तेव्हा मालवणात खोली मिळणार नाही. दुसरी शनिवार-रविवारला लागून येते. तीच ठरली. रजेचा अर्ज उद्या टाकते, आणि स्वारगेटहून रात्रीच्या गाडीची दोन तिकिटं.