झादरची काच, बुडाकडून पाहिलेली

क्रोएशियातल्या झादरला लोक सूर्यास्त पाहायला जातात. मी गेले ते तिथल्या प्राचीन काचेच्या संग्रहालयासाठी. बंदरावरच्या जुन्या तटाला लागून असलेल्या कोस्मासेंडी नावाच्या वाड्यात ते २००९ साली सुरू झालं.

रोमन काळात या गावाचं नाव इयादेर. आत शिरताच प्रश्न पडतो, इतकी नाजूक भांडी अखंड राहिली कशी? राहिली ती थडग्यांमुळे. दहनानंतरच्या अस्थी काचेच्या फुगीर कलशात भरायच्या आणि तो कलश दगडी पेटीत ठेवायचा, अशी इथली रीत होती.

संग्रहालयात काच फुंकूनही दाखवतात. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन कारागीर ती सतत फिरवत राहतो, कारण हात थांबला की काच एका बाजूला ओघळते. मग एक फुंकर, आणि बघता बघता पोकळ भांडं! फुंकण्याची ही युक्ती सापडण्याआधी मातीच्या गाभ्यावर काच चढवत एकेक कुपी घडवावी लागे. इ.स.पू. पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीत कुणीतरी काच फुंकून पाहिली आणि श्रीमंतांची चीज घराघरात पोहोचली. त्या काळचा ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळे.

कच्ची काच मात्र गावोगावी बनत नसे. पूर्व भूमध्य किनाऱ्यावरच्या मोठ्या भट्ट्यांत वाळू आणि इजिप्तचा नेट्रॉन क्षार एकत्र वितळवत. थंड झालेल्या काचेचे तुकडे जहाजाने दूरदूर जात. भडोच बंदरातही कच्ची काच उतरत असल्याची नोंद 'पेरिप्लस' या समुद्री व्यापारावरच्या प्राचीन ग्रीक पुस्तकात आहे. वाळूतल्या लोहामुळे या काचेला निळसर हिरवी झाक येते. मला तीच सगळ्यात आवडते, मँगनीज घालून रंग घालवलेल्या काचेपेक्षाही.

ते प्रात्यक्षिक पाहिल्यावर मी परत दालनांत गेले आणि वाकून भांड्यांची बुडं पाहू लागले. काहींवर खरबरीत वण दिसतो: काठ घडवताना भांडं दुसऱ्या सळईवर चिकटवून धरलेलं असतं, त्याची ती खूण. कुठे काठ आचेवर गोल केलेला, कुठे नुसता तोडून घासलेला.

साच्यात फुंकलेल्या चौकोनी बाटल्यांच्या बुडावर तर कधी अक्षरंही उमटलेली असतात. ऑस्ट्रियातल्या लिंझला सापडलेल्या अशा काचेवर एका बाईचं नाव आहे: सेंटिया सेकुंडा, गाव अक्विलेया. दोन हजार वर्षांपूर्वीच्या काचेच्या धंद्यात स्वतःच्या नावाचा ठसा उमटवणारी बाई! अक्विलेया एड्रियाटिकच्याच वरच्या टोकाला, इटलीत. पुढचा मुक्काम मी तिथेच ठरवला.