वेळासची रिकामी टोपली

मार्चमधल्या एका सकाळी, सात वाजण्याच्या सुमारास, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर आम्ही पन्नासेक माणसे दोरीमागे उभी होतो. कुंपणातल्या कासवाच्या घरट्यावर पालथी घातलेली टोपली कासवमित्राने, म्हणजे अंड्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्याने, उचलली. खाली एकही पिल्लू नव्हते. दुसरी आणि तिसरीही रिकामीच निघाली. "संध्याकाळी बघू," एवढेच तो म्हणाला आणि माणसे निमूटपणे परतली. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला इतक्या शांतपणे नाही म्हणणारे पर्यटनस्थळ मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये येथे काम सुरू केले, तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसे तरी नेत, नाहीतर कुत्री-कोल्हे तरी उकरून खात. रात्री-पहाटे किनारा पालथा घालायचा, सापडलेली अंडी कुंपणाआड तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरायची आणि साधारण पन्नास दिवस वाट पाहायची, अशी ही पद्धत आहे. मात्र राखण गावानेच करायची, तर कासवाचे जगणे गावाच्या चुलीशीही जोडले जायला हवे होते, आणि ते पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पाहुण्यांना बोलावणाऱ्या, २००६ मध्ये सुरू झालेल्या कासव महोत्सवाने जोडले. पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्याच घरी होत असल्याने पैसा एका हॉटेलमालकाच्या गल्ल्यात न जाता घराघरांत पोचतो, आणि माझ्या मते या भागीदारीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे.

आम्ही ज्या काकूंकडे उतरलो होतो, त्यांनी पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या. जेवायला सोलकढी आणि उकडीचे मोदक होते. पाहुण्यांचा हिशेब त्या तांदळाच्या डब्यामागे ठेवलेल्या शंभर पानी वहीत लिहीत. "मुलगा मुंबईहून पाठवतो ते त्याचे, हे माझे," असे त्यांनी वही मिटताना सांगितले.

अर्थात, एवढ्यावरून गावाचा कायापालट झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पिल्ले बाहेर पडण्याचा मुख्य हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल एवढाच असतो. बाकीच्या महिन्यांत शेती, बागा आणि मुंबईची मनीऑर्डर (आता ती मोबाइलवर येते, इतकेच) यांवाचून भागत नाही.

आम्ही किनाऱ्यावरून परतलो तेव्हा काकू ओटीवरच होत्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी विचारले, "रिकामी निघाली ना टोपली? मग राहा आणखी एक दिवस." आणि आमच्या उत्तराची वाट न पाहता त्या मोदकांसाठी नारळ फोडायला आत गेल्या.