बाबांच्या चेतकला घाटात पुरेल असा हेडलाइट

पसरणी घाट रात्री उतरताना दर वळणाला एकच गोष्ट व्हायची. वळण आलं की मी रेस सोडायचे आणि नेमका तेव्हाच हेडलाइट मिणमिणता व्हायचा. इंजिन मंद, तसा दिवाही मंद. जिथे रस्ता सर्वांत नीट दिसायला हवा, तिथेच समोर काळोख. मग क्लच दाबून नुसती रेस द्यायची, उजेड आला की कठडा कुठे आहे ते बघायचं आणि हँडल वळवायचं. दोन वर्षं मी असाच घाट उतरले.

स्कूटर बाबांची. १९९४ ची बजाज चेतक, टू-स्ट्रोक, १२ व्होल्टची इलेक्ट्रॉनिक. आता चेतक म्हटलं की शाळेतली मुलं विजेवरची नवी चेतक समजतात. आमची किक मारायची, डाव्या हाताने गिअर टाकायची आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवायची. बाबांनी ती कधी विकली नाही, माझ्याही मनात कधी आलं नाही. पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिपासिंग करून घेतो, कागद सगळे नीट आहेत. मी पाचगणीला शिकवते. वसतिगृहातल्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास उरकून निघायला साडेआठ होतात आणि मग जेमतेम बारा-तेरा किलोमीटर खाली वाईला घर. अंतर काहीच नाही, पण सगळं घाटातलं.

गेल्या पावसाळ्याआधी ठरवलं की आता हे नीट करायचंच. पहिल्यांदा मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. दुकानातून पांढरा एलईडी बल्ब आणला, जुना काढून त्याच होल्डरमध्ये बसवला. अंगणात उजेड झकास वाटला. घाटात मात्र तो सतत फडफडत होता, आणि पाचगणीच्या धुक्यात शिरल्यावर समोर नुसता पांढरा पडदा. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने तीन वेळा अप्पर-डिपर मारला. मी डिपरवरच होते, तरी उजेड त्याच्या डोळ्यांत जात होता. रिफ्लेक्टर हा बल्बमधली तार अमुक ठिकाणी आहे असं धरून घडवलेला असतो. त्या बल्बमधले दिवे भलत्याच जागी होते, म्हणून उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी चहूकडे उधळत होता. त्या रात्री घरी आले आणि तो बल्ब काढून ठेवला. दुसऱ्याला आंधळं करून मला दिसत असेल तर तसला उजेड मला नको होता.

दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन मेस्त्रींकडे गेले. बाबांच्या वेळेपासून तेच आमची गाडी बघतात. त्यांनी हेडलाइट उघडला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, “ताई, बल्बात काय नाय. वाटंत सांडतंय सगळं. आधी मोजू.”

ते मोजणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. साधा मल्टिमीटर, एसी म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेच्या व्होल्टवर ठेवलेला. मेस्त्री इंजिनाला ठरावीक रेस देत होते, मी पिना धरून आकडे वहीत लिहीत होते. रेग्युलेटरजवळ, म्हणजे व्होल्टेज आवरणाऱ्या डबीजवळ, १२.९ व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर १०.६. म्हणजे मधल्या दीड-दोन मीटर वायरीत २.३ व्होल्ट गायब. मग एकेक तुकडा मोजला. हेडलाइटच्या अर्थमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या जोडात, ०.९; डिपरच्या स्विचमध्ये ०.८, उरलेले ०.६ जुनाट कनेक्टर आणि वायरीत. ऐकायला थोडं वाटतं, पण तारेच्या बल्बचा हिशेब सरळ नसतो. व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. माझ्या आकड्यांवरून गणित मांडलं तर निम्माच उजेड बाहेर पडत होता. गंजलेले जोड वाटेतच व्होल्टेज खात होते, त्यामुळे बल्बची तार पुरेशी तापतच नव्हती.

अर्थचा जोड उघडल्यावर दिसलं ते आठवतंय. हँडलच्या पत्र्यावर रंग, रंगाखाली गंज आणि त्या गंजावर वायरीचं काळं पडलेलं वॉशर, त्याच्या कडेला हिरवी बुरशी धरावी तसा थर. तीस वर्षं हेडलाइटची सगळी वीज या एवढ्याशा गंजक्या चकतीतून परत जात होती. मेस्त्रींनी ती जागा चकचकीत घासली, आणि तरी त्यावर भरवसा न ठेवता होल्डरपासून इंजिनापर्यंत वेगळी जाड अर्थ वायर ओढली. डिपरचा स्विच नवा घातला. रिफ्लेक्टरची चांदी उडाली होती, मध्ये तपकिरी डाग पडला होता. तो इथे मिळेना, म्हणून एका शनिवारी पुण्याला नाना पेठेत जाऊन काच आणि रिफ्लेक्टरचा नवा जोड आणला. त्यात ३५/३५ वॅटचा हॅलोजन बसतो. वॅट मुद्दाम तेवढेच ठेवले. दुकानात जास्त वॅटचा बल्ब घ्या म्हणून आग्रह झाला, पण स्कूटरची कॉइल देते त्याहून जास्त ती देणार कुठून? उलट रिफ्लेक्टर तापून खराब होतो.

पुन्हा मोजलं. होल्डरवर १२.५. रेस दिली की भिंतीवर असा उजेड पडला की बाबा घरातून उठून बाहेर आले.

पण रेस सोडली की तो पुन्हा लाल. हे वायरीचं दुखणं नव्हतं, ती गाडीची मूळ रचनाच आहे. इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकातली, म्हणजे फ्लायव्हीलमधली चुंबकं कॉइलभोवती फिरतात, त्यातून एसी वीज तयार होते आणि ती थेट हेडलाइटला जाते. मध्ये साठवण नाही. इंजिन हळू फिरलं तर वीज कमी, एवढा सरळ मामला. घाटातल्या वळणावर उजेड हवा असेल तर ती वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी करून बॅटरीत साठवायची आणि दिवा बॅटरीवरून लावायचा, हा एकच मार्ग.

त्यात एक अडचण असते, आणि ती आधी समजून घेतली म्हणून काम नीट झालं. दिव्याच्या कॉइलचं एक टोक ती ज्या प्लेटवर बसते त्या आतल्या प्लेटला, म्हणजे गाडीच्या अंगालाच जोडलेलं असतं. ते तसंच राहिलं तर एसी लाटेचा अर्धाच भाग बॅटरीला मिळतो. दोन्ही अर्धे हवे असतील तर ते टोक अंगापासून सोडवून त्याची वेगळी वायर बाहेर आणावी लागते. इंजिनाकडची डिकी काढली, पंख्याचं कव्हर काढलं, पुलर लावून फ्लायव्हील उतरवलं. प्लेट हलवण्याआधी मेस्त्रींनी प्लेट आणि इंजिन या दोन्हींवरून एक आडवी रेघ ओढली. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, त्या प्लेटवरच ठरतं. परत बसवताना रेघेला रेघ जुळली की झालं. प्लेटवरचे सीडीआयचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचे जोड त्यांनी अजिबात हलवले नाहीत. मी एकच अट घातली होती: बॅटरी मेली तरी किक मारल्यावर गाडी सुरू झाली पाहिजे. स्पार्कची कॉइल वेगळीच असल्यामुळे ते जमतं.

सोल्डर झालं, वायरीवर स्लीव्हचं आवरण चढवलं, सगळं बसवलं, आणि मल्टिमीटर वाजला. कॉइल अजून अंगाला लागलेलीच! पुन्हा फ्लायव्हील उतरवलं. नवी वायर प्लेटच्या भोकातून बाहेर येते तिथे पत्र्याच्या धारेने स्लीव्ह कापली होती, केसाएवढी. तिथे ग्रोमेट, म्हणजे रबराचं जाड कडं घालायला हवं होतं. संध्याकाळचे सात वाजले होते. मी म्हटलं, उद्या करू. मेस्त्री म्हणाले, “उद्या तुमी घाटातनं येणार हाय का नाय?” आणि पुन्हा कामाला बसले. या वेळी मीटर गप्प राहिला.

पुढचं काम भराभर झालं. जुना रेग्युलेटर काढून रेक्टिफायरवाला, म्हणजे एसीची डीसी करणारा लावला, तोही पंख्याची हवा लागेल अशा जागी, कारण तो तापतो. ५ अँपिअर-अवरची छोटी सीलबंद बॅटरी डाव्या डिकीत पट्ट्याने आवळली, तिच्याजवळ १० अँपिअरचा फ्यूज. हॉर्न एसीचा होता, डीसीवर नुसता एकदा टक् करून बसला; तो बदलावा लागला. इंडिकेटरचा फ्लॅशरही बदलला. नव्या भागांसकट मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला. रेस सोडलेल्या इंजिनावर बल्बच्या होल्डरवर १२.३ व्होल्ट. वहीत तो आकडा मी दोनदा अधोरेखित केलाय.

राहिली दिशा. ही पायरी लोक सोडून देतात आणि त्याचा मला खरंच राग येतो. रात्री अंगणात भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी केली, हेडलाइटच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारली. गाडी स्टँडवर ठेवून हे करायचं नसतं, माणूस बसला की मागचा शॉकॲब्सॉर्बर दबतो आणि उजेड वर जातो. म्हणून बाबांना सीटवर बसवलं. कितीतरी वर्षांनी ते त्या जागी बसले होते. दोन्ही हात हँडलवर, पाय जमिनीला टेकलेले, अंगठा आपसूक डिपरच्या स्विचवर. मी स्क्रू फिरवत होते आणि ते सांगत होते, “अजून खाली. अगं, अजून जरा.” डिपरच्या उजेडाची वरची कड रेघेच्या पाच-सहा सेंटिमीटर खाली आली तेव्हा थांबलो.

सोमवारी साडेआठला निघाले. धुकं होतं, पिवळसर उजेड रस्त्यावर टेकून पुढे सरकत होता. पहिल्या मोठ्या वळणावर रेस सोडली. सवयीने डावा हात क्लचकडे गेला, पण दाबायची गरज पडली नाही. कठड्याचे पांढरे दगड एकामागून एक मोजता येत होते. खालून एसटी वर येत होती. मी डिपर दिला. ड्रायव्हरनेही डिपर दिला आणि बाजूने निघून गेला.

टेललाइटची वायर अजून जुनीच आहे. तिचा अर्थ पुढच्या रविवारी उघडायचाय.