पद्मिनीचं वायरिंग: अर्थिंग, डायोड आणि हेडलाइटचे रिले

इंजिन, ब्रेक आणि पत्र्याची कामं उरकल्यावर आता वायरिंगला हात घातलाय. गाडी १९८२ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, मूळची डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र). आधीच्या मालकांनी त्या जागी अल्टरनेटर, म्हणजे नव्या पद्धतीचं जनित्र, बसवून घेतलेला. तक्रारी तीन: एक-दोन रात्री उभी राहिली की बॅटरी झोपते, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रडत रडत फिरतो, आणि हेडलाइट लावले तर ते फक्त समोरच्याला दिसतात, मला रस्ता दिसत नाही.

गाडीबरोबर बिलांची एक जाडजूड फाइल मिळाली. नवी बॅटरी, वर्षाच्या आत पुन्हा नवी बॅटरी, सेल्फचं आर्मेचर (आतला फिरता भाग), अल्टरनेटरचं रिवाइंडिंग. बेरीज २८ हजारांच्या पुढे जाते, आणि दुखणं जागच्या जागी. एका इलेक्ट्रिशियनला दाखवली तर बॉनेट उघडल्या उघडल्या म्हणाला, “साहेब, सगळं वायरिंग उपटून नवीन टाका, बावीस हजारात करून देतो.” मीटर त्याच्या पेटीतच राहिला. जुन्या गाडीत पैसा जातो तो बहुतेक अशा ‘बदलून बघू’मध्ये.

सुरुवात सेल्फपासून केली. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या घासून साफ केलेल्या बोल्टवर, आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितला. चांगल्या अर्थला, म्हणजे करंटच्या बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेला, इथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. मला दिसले १.९. तेवढ्यात पोरगं ओरडलं, “बाबा, चोक गरम लागतोय!” नॉब ओढून बघितला तर केबलचं आवरण खरंच चटका बसेल इतकं तापलेलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून ते बॉडीला जोडायला विणलेली तांब्याची पट्टी असते. ती हिरवी पडून आतून तुटली होती. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. त्या करंटला परत यायला वाट मिळेना, म्हणून तो चोकच्या केबलमधून येत होता. नाना पेठेतून नवी पट्टी आणली, दोन्ही टोकांचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. आता ०.१५ व्होल्ट. आर्मेचर बदलायची गरज होती का, हे आता कोण सांगणार!

बॅटरी उतरण्याचा शोध जास्त किचकट निघाला. सगळं बंद करून निगेटिव्ह वायर काढली आणि मध्ये मीटर लावला: ०.९ अँपिअर. ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीला दोन रात्रींत रिकामं करायला हे पुरेसं आहे. एकेक फ्यूज काढत गेलो तरी आकडा हलेना. पण अल्टरनेटरची जाड चार्जिंग वायर आमच्या गाडीत फ्यूजमधून जातच नाही, त्यामुळे फ्यूज काढून ती तपासली जात नाही. ती सोडवली आणि आकडा ०.०२वर आला. रिवाइंडिंग करताना डायोड प्लेट जुनीच ठेवली होती. डायोडने करंट एकाच दिशेने सोडायचा असतो; त्यातला एक दोन्हीकडून सोडत होता. प्लेट ६५० रुपयांना मिळाली.

एक पोटगोष्ट: डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा काढून एलईडी बसवायचा मोह टाळा. अशा अल्टरनेटरला सुरुवातीचं एक्सायटेशन, म्हणजे आतलं चुंबक जागं करणारा थोडासा करंट, त्या बल्बमधूनच मिळतं. बल्ब उडाला की अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्ज सुरू करायला कुरकुर करतो.

हेडलाइटचं कारण साधं होतं. ६०/५५ वॉटचे हॅलोजन बसवलेले. अप्परवर दोन्ही मिळून १० अँपिअर, आणि तो सगळा करंट जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरमधून जायचा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, होल्डरवर ११.२. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घातात बदलतो, म्हणजे उजेड निम्म्यावर. अप्पर-डिप्परसाठी दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) टाकले, बॅटरीपासून फ्यूज लावून २.५ चौरस मिमीची नवी वायर ओढली. जुना स्विच आता फक्त रिलेची कॉइल चालवतो. होल्डरवर १३.४ मिळतात. एवढ्या उष्णतेत वितळू नयेत म्हणून होल्डर सिरॅमिकचे घेतले. रिले, वायर, होल्डर, थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) मिळून १,४०० रुपये.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली. टॅक्सीवाल्यांमुळे चालणारी दुकानं तेव्हापासून मूळ भाग ठेवायला नाखूश दिसतात. म्हणून डायनॅमोचा व्होल्टेज आवरणारा जुना रेग्युलेटर डबा फेकला नाही. आतून तो रिकामा आहे, पण वायरी जोडायला त्याचे स्क्रू अजून चांगले आहेत आणि बॉनेट उघडल्यावर जागा मूळची दिसते.

इन्सुलेशन टेप गुंडाळलेले जोड डॅशबोर्डमागे अजून भरपूर आहेत. ते एकेक कापून सोल्डर आणि श्रिंक स्लीव्ह करतोय. पेट्रोलचा काटा टाकी भरलेली असतानाही अर्ध्यावर थांबतो. पुढचं काम टाकीवरच्या फ्लोटची अर्थ तपासण्याचं. वायपर मधेच थांबतात, ती मोटर त्यानंतर उघडीन.