साइड ए, शेवटची दोन मिनिटं

५ एप्रिल, रात्री साडेअकरा

दरवर्षी आजच्या तारखेला आमचा गिटारवाला टोरांटोहून व्हॉट्सॲपवर एक मेणबत्ती पाठवतो. मजकूर काही नाही, नुसती मेणबत्ती. निर्वाना या अमेरिकन रॉक बँडच्या गायकासाठी, कर्ट कोबेनसाठी. मीही उलट एक पाठवतो आणि आमचं वर्षश्राद्ध उरकतं. यंदा मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी लिहिलं, "एक सी. जे. स्नेअरसाठी पण लाव. त्याचीही आजचीच तारीख."

पाच मिनिटांनी उत्तर आलं: "कोण रे?"

या माणसाने १९९२ ची अख्खी मे महिन्याची सुट्टी फायरहाउसच्या एका गाण्यातला सोलो घोटण्यात घालवली होती. नौपाड्यातल्या त्यांच्या गॅलरीत, उघड्या अंगाने, घाम पुसायला मांडीवर पंचा. त्याच फायरहाउसचा गायक स्नेअर. २०२४ च्या ५ एप्रिलला गेला, चौसष्टाव्या वर्षी. कोबेनला जाऊन बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी. (कोबेनचा मृतदेह सापडला ८ तारखेला, घरी कामाला आलेल्या इलेक्ट्रिशियनला. पण मृत्यू ५ चा धरतात.) एकासाठी जगभर मेणबत्त्या, दुसऱ्यासाठी "कोण रे?" आणि तेही कोणी विचारावं!

झोप येत नाहीये, म्हणून लिहून काढतो.

जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्समध्ये हार्ड रॉकमधल्या नव्या बँडचं बक्षीस होतं. स्पर्धेत निर्वाना, ॲलिस इन चेन्स आणि फायरहाउस. मिळालं फायरहाउसला. लोक आता हे विनोद म्हणून सांगतात. तेव्हा तो विनोद नव्हता. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटची ही पोरं, पहिलाच अल्बम वीस लाखांवर खपलेला, 'लव्ह ऑफ अ लाइफटाइम' अमेरिकेत पाचव्या नंबरपर्यंत गेलेलं. पण त्याच जानेवारीत निर्वानाच्या 'नेव्हरमाइंड'ने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ढकलून पहिला नंबर घेतला होता. ज्या अल्बमच्या सुरुवातीला जेमतेम शेहेचाळीस हजार प्रती अमेरिकेतल्या दुकानांत गेल्या, त्याने. म्हणजे फायरहाउसच्या हातात ट्रॉफी आली तेव्हा पायाखालचा गालिचा निम्मा गुंडाळून झाला होता.

आमच्याकडे हे सगळं केबलवरून आलं. शेजारच्या काकांकडे नवीन डिश, त्यावर एमटीव्ही. शाळेच्या जिममध्ये चीअरलीडर नाचतायत, धूर आहे, आणि एक पिवळ्या केसांचा मुलगा घशाला त्रास होत असल्यासारखा गातोय. माझी आई दारात उभी राहून म्हणाली, "हा आजारी आहे का? एवढा का कण्हतोय?" आजोबांनी बँडचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी पेपरातून मान वर केली, म्हणाले, "निर्वाण? बरं आहे की." आणि परत पेपरात.

आमचा बँड चौघांचा. गिटार, बास (मी), गायक, आणि ड्रमर, ज्याच्याकडे ड्रम नव्हते. तो रेक्झिनच्या दोन सूटकेस आणि एका स्टीलच्या डब्यावर वाजवायचा. वॉरंट, सिंड्रेला, फायरहाउस असं सगळं बसवायचो. ते कठीण असायचं. तीन आवाजांची हार्मनी, मधे सोळा बारचा सोलो, त्यात बोटं अशी पळवायची की ऐकणाऱ्याने 'वा' म्हणावं. आमच्या गिटारवाल्याला 'वा' मिळायचं, म्हणून तर तो पंचा घेऊन बसायचा.

आणि मग ते निर्वानाचं गाणं. चार पॉवर कॉर्ड, तेवढेच, शेवटपर्यंत. सोलो आला तेव्हा आम्ही कान टवकारले. सोलो म्हणजे काय, तर कडव्याचीच चाल गिटारवर परत! गिटारवाल्याचा चेहरा मला आजही दिसतो. म्हणाला, "हा काय सोलो झाला? हे तर तूही वाजवशील." मी वाजवलं. त्याच संध्याकाळी. पहिल्यांदाच आयुष्यात मी एक अख्खं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर वाजवलं, आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

लोक सांगतात ग्रंजने, म्हणजे सिॲटलकडच्या या खरखरीत रॉकने, रॉकमध्ये खरेपणा आणला वगैरे. असेल. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवसापासून ज्याला येत होतं त्याची किंमत उतरली आणि ज्याला येत नव्हतं त्याची चढली. मी दुसऱ्या गटात होतो, म्हणून मला ग्रंज आवडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मी लगेच 'नेव्हरमाइंड' भरून घेतलं. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. फायरहाउस भरलेली टीडीके डी-९० होती. चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या डोक्यावरचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मीच तोडले होते. त्या भोकांवर सेलोटेप लावला आणि साइड एवर निर्वाना चढवलं.


६ एप्रिल

काल लिहिलं ते वाचलं तर वाटलं, मी पण तीच गोष्ट सांगतोय जी सगळे सांगतात. सिॲटलहून लाट आली आणि लांब केसांवाल्यांना घेऊन गेली. वॉरंटचा जानी लेन सांगायचा की कोलंबिया या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसात रिसेप्शनवर त्यांच्या अल्बमचं भलंमोठं चित्र असायचं, आणि एक दिवस बघतो तर तिथे सिॲटलचे ॲलिस इन चेन्स. गोष्ट चांगली आहे, पण तिच्यात चित्र बदलणारा माणूस दिसत नाही. ॲलिस इन चेन्सने काही शिडी लावून ते टांगलं नव्हतं. आणि त्यांचेच सुरुवातीचे फोटो काढून बघा, केसांना स्प्रे मारलेला, चट्टेरीपट्टेरी कपडे. कोबेन स्वतः म्हणायचा की 'नेव्हरमाइंड'चा आवाज इतका गुळगुळीत झालाय की तो पंकपेक्षा मॉटली क्रूच्या, म्हणजे लांब केसांवाल्यांच्याच, जवळ जातो. त्यांचा पहिला अल्बम, 'ब्लीच', ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये रेकॉर्ड झालेला. ते पैसे ज्याने भरले त्या जेसन एव्हरमनने त्यावर एक सूरही वाजवलेला नाही, पण कव्हरवर गिटारिस्ट म्हणून त्याचं नाव आहे. व्यवहार चोख.

मला आज दिवसभर आठवत होते ते सिॲटलच्याच बाजूचे, पण मेणबत्ती न मिळालेले.

टॅड हा बँड. त्याचा म्होरक्या टॅड डॉयल हा आयडाहोचा धिप्पाड गडी, खाटकाचं काम केलेला आणि संगीतही शिकलेला. सब पॉप या सिॲटलच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीने त्यातलं खाटीकपण तेवढं विकलं. करवत घेऊन जंगलातून आलेला वेडा, अशा थाटात. १९९१ च्या सुरुवातीला त्यांचा '८-वे सँटा' आला. निर्माता बुच व्हिग. हो, तोच, ज्याने त्याच वर्षी पुढे 'नेव्हरमाइंड' केलं. कव्हरवर कुठल्या तरी जुन्या फोटो-अल्बममध्ये सापडलेला एका जोडप्याचा फोटो. ते जोडपं निघालं जिवंत, बाई मधल्या काळात देवाधर्माला लागलेली, आणि प्रकरण गेलं कोर्टात. कव्हर बदलावं लागलं. एका सिंगलवर पेप्सीच्या चिन्हाची नक्कल केली, तिथेही वकील आले. मग लाट आली, मोठी कंपनी आली, 'इन्हेलर' निघाला, आणि प्रेसिडेंट क्लिंटनच्या तोंडात गांजाची सिगारेट दाखवणारं पोस्टर छापल्यावर कंपनीने हात वर केले. पुढच्या कंपनीनेही एक अल्बम काढून सोडून दिलं. १९९९ मध्ये बँड संपला. मला '८-वे सँटा' फार आवडतो. पण तो ऐकताना मनात सारखं येतं, तोच निर्माता, तेच वर्ष, तोच मुलूख.

मेलव्हिन्स. कोबेन ज्यांच्या प्रॅक्टिसला जाऊन बसायचा ते. त्यांची जड, रेंगाळणारी चाल काढून टाकली तर ग्रंजमध्ये काय उरतं ते बघावं लागेल. अटलांटिक या मोठ्या कंपनीने त्यांना घेतलं ते उघडउघड कोबेनचे दोस्त म्हणून. १९९३ च्या 'हुडिनी'वर निर्माता म्हणून त्याचं नावही आहे. तीन अल्बम झाले, कंपनीने नमस्कार केला. मेलव्हिन्सना काही फरक पडला नाही, ते अजून वाजवतायत. असे लोक मला समजत नाहीत आणि म्हणून फार आवडतात.

त्या दोन वर्षांत सिॲटलला विमानं भरून रेकॉर्ड कंपन्यांचे एजंट यायचे म्हणे. न्यूयॉर्क टाइम्सला ग्रंजवाल्या पोरांची बोली हवी होती. आधी सब पॉपमध्ये कामाला असलेल्या मेगन जॅस्परने फोनवर मनाला येतील ते शब्द बनवून सांगितले आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये ते सगळे छापून आले! त्याच सब पॉपकडे वर्षभरापूर्वी पगाराला पैसे नव्हते. 'आमच्याकडे पैसे नाहीत यातलं काय कळत नाही तुम्हाला?' असा मजकूर त्यांनी चक्क टी-शर्टवर छापला होता. निर्वानाला सोडताना 'नेव्हरमाइंड'च्या कमाईतले काही टक्के लिहून घेतले, त्यावर कंपनी तरली.

चांगलंही झालं काहींचं, ते लिहायला हवं. लंडनच्या रेनकोट्स या बायकांच्या बँडचा पहिला अल्बम कोबेनला हवा होता. तो शोधत शोधत त्यांच्यातली आना दा सिल्वा ज्या जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करत होती तिथे पोचला. १९९३ मध्ये त्याच्या कंपनीने त्यांचे जुने अल्बम परत काढले. मीट पपेट्स या जुन्या बँडची तीन गाणी निर्वानाने एमटीव्हीच्या अनप्लग्ड कार्यक्रमात घेतली, त्यांच्याच दोघा भावांना शेजारी बसवून, आणि पुढच्या वर्षी त्यांचा अल्बम गोल्ड झाला. कोबेन हा यश मिळाल्यावर जुन्या मास्तरांची नावं घेणारा माणूस होता.

आणि मार्क आर्म. मडहनी बँडचा गायक. १९८१ मध्ये त्याने स्वतःच्याच बँडला शिव्या घालणारं एक पत्र छापून आणलं होतं, त्यात 'ग्रंज' हा शब्द आहे. मडहनीचं 'टच मी आय'म सिक' हे गाणं १९८८ चं, म्हणजे 'ब्लीच'च्याही आधीचं. सगळ्यांना वाटलेलं मडहनीच मोठे होणार. मोठ्या कंपनीत जाऊन आले, परत सब पॉपकडे. आणि हा मनुष्य त्याच सब पॉपच्या गोदामाचा मॅनेजर झाला. खोकी बांधणं, रेकॉर्डी पाठवणं. मुलाखतीत तो हे सहज सांगतो. मी मात्र ते वाचल्यापासून सब पॉपचाच 'ब्लीच' बघितला की, खोक्यावर चिकटपट्टी ओढणारे त्याचे हात डोळ्यांपुढे येतात.

फायरहाउसचं काय झालं? ते पूर्वेला आले. जपान, इंडोनेशिया, मलेशिया. अमेरिकेत ज्यांचं नाव काढायला लोक लाजत होते, त्यांची हळुवार गाणी इकडे लग्नात वाजत होती. २००४ च्या डिसेंबरात ते शिलाँग, दिमापूर, ऐझॉलला वाजवून गेले. तेव्हा मी ऑफिसात एका नागा सहकाऱ्यासमोर 'अरे ते, अजून आहेत?' असं म्हटलेलं मला स्वच्छ आठवतंय. तो काही बोलला नाही. दिमापूरचाच होता.


७ एप्रिल

माळ्यावरून खोकं काढलं. कॅसेट आहे. डेकचा बेल्ट विरघळून डांबर झालाय. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने परवा देतो म्हटलं.


९ एप्रिल

डेक मिळाला. बायको म्हणाली आवाज कमी ठेव, तिची मीटिंग होती. हेडफोन लावला.

बेचाळीस मिनिटं निर्वाना. शेवटचं गाणं, तो चेलो, आवाज विरत जातो. इथे मी नेहमी कॅसेट उलटायचो, कारण साइड बीवर पर्ल जॅम होतं. आज उलटली नाही. नुसती खरखर. मग खट्ट, म्हणजे १९९२ मध्ये मी स्टॉप दाबला ती जागा. आणि खाली राहिलेलं सुरू झालं.

फायरहाउस नव्हतंच ते.

आम्ही होतो. सूटकेसचा धप धप आवाज, स्टीलचा डबा, बास इतका पुढे की भिंत हलल्यासारखी. 'लव्ह ऑफ अ लाइफटाइम'चा सोलो चालू, गिटारवाला धापा टाकत एक एक सूर गाठतोय. आमची एकुलती एक प्रॅक्टिस टेप. ती हरवली असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो. मागचं लेबल नखाने सोलून पाहिलं, खाली माझ्याच अक्षरात: 'प्रॅक्टिस, मे ९२'. फायरहाउसची डी-९० वेगळी असणार, ती कुठे गेली देव जाणे. सेलोटेप मी हिच्यावर लावला होता.

सोलो मधेच गडबडतो. ड्रमर हसतो. कोणीतरी (बहुतेक मीच) शिवी घालतो. मग लांबून, दारातून, काकूंचा आवाज: "अरे चहा ठेवलाय रे, गार होतोय." काकूंना जाऊन अकरा वर्षं झाली.

मग टेप संपते.

ती दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करून गिटारवाल्याला पाठवली. वर काही लिहिलं नाही. दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर नाही. तिकडे सकाळ असेल, ऑफिसला निघाला असेल, असं म्हणून जेवायला बसलो.

आत्ता, रात्री पावणेएकला आलं उत्तर:

"तिसऱ्या बारला माझं चुकलंय. गिटार काढतो, थांब."